निरीक्षकाला हिशेबात धरणारा कोर्स: दहा आठवड्यांनंतरचा अभिप्राय

चौदा वर्षं मी प्रश्नावल्या भरून घेण्याचं काम केलं. दारात उभं राहायचं, ओळख सांगायची, संमती घ्यायची आणि छापलेला प्रश्न छापल्याबरहुकूम वाचायचा. पहिल्या प्रशिक्षणात आमच्या सुपरवायझरबाई म्हणाल्या होत्या, "तू नळी आहेस. इकडून प्रश्न गेला की तिकडून उत्तर आलं पाहिजे. मधे नळीची चव लागता कामा नये." ते मी मनापासून पाळलं. तरी दर वर्षी काहीतरी असं घडायचं, जे नळीच्या हिशेबात बसायचं नाही.

एकच सांगते. पॅनेल सर्व्हे होता, म्हणजे त्याच घरांना काही महिन्यांनी पुन्हा भेटायचं. दुसऱ्या फेरीत एका बाईंना विचारलं, "गेल्या आठवड्यात तुम्ही स्वतःसाठी किती वेळ काढलात?" पहिल्या फेरीत त्यांचं उत्तर 'अजिबात नाही' असं होतं. या वेळी त्या म्हणाल्या, "तुम्ही मागच्या वेळी विचारून गेलात ना, त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवसापासून रोज अर्धा तास काढायला लागले." मी टॅबलेटवर साडेतीन तास भरले आणि पुढचा प्रश्न वाचला. त्या साडेतीन तासांत मीही होते, हे लिहायला फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

सामाजिक शास्त्रांच्या तत्त्वज्ञानावरचा दहा आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स मी घेतला तो या रकान्यासाठी. माहितीपत्रकात लिहिलं होतं की संपूर्ण अभ्यासक्रमाचा कणा 'निरीक्षकाचा समावेश' हा आहे. कोर्सचं नाव मुद्दाम देत नाही. शिकवणारे दोघंच आहेत आणि पुढे मला काही तक्रारी मांडायच्या आहेत. पण या विषयावरचा कुठलाही कोर्स निवडताना काय तपासावं, एवढं तरी यातून कळावं.

सुरुवात फार चांगली झाली. पहिल्या व्हिडिओत व्याख्या नाही, विचारवंतांची यादी नाही. कागदावर डाव्या बाजूला एक चांदणी काढा आणि उजवीकडे चारेक बोटांवर ठळक ठिपका, असं सांगितलं. डावा डोळा मिटायचा, उजव्याने चांदणीकडे टक लावायची आणि कागद हळूहळू पुढेमागे करायचा. हातभर अंतराच्या थोडं अलीकडे ठिपका नाहीसा होतो. डोळ्याच्या पडद्यावर जिथून मज्जातंतू बाहेर पडतो तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात, म्हणून. हे शाळेतही शिकवतात. शाळेत कुणी विचारलं नव्हतं ते शिकवणाऱ्या बाईंनी इथे विचारलं: "ठिपका गेला तेव्हा त्या जागी तुम्हाला काय दिसलं? भोक दिसलं का?" नाही दिसलं. पांढरा, सलग कागद दिसला. हाइन्झ फॉन फर्स्टर हाच प्रयोग दाखवत आणि त्यातून त्यांना सांगायचं असे ते हेच, की आपल्याला दिसत नाही हेही आपल्याला दिसत नाही. मी हातातला कागद खाली ठेवला आणि मला माझे चौदा वर्षांचे सगळे फॉर्म आठवले. सगळे सलग, कुठेही भोक नसलेले.

फॉन फर्स्टर मूळचे व्हिएन्नाचे. १९५८ मध्ये त्यांनी अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात बायोलॉजिकल कंप्युटर लॅबोरेटरी सुरू केली. त्यांचा विषय सायबरनेटिक्स, म्हणजे नियंत्रण आणि संदेशवहनाचं शास्त्र. गणिती नॉर्बर्ट वीनर यांच्या १९४८ च्या पुस्तकाने त्याला हे नाव दिलं, आणि १९४६ ते १९५३ या काळात अमेरिकेतल्या मेसी फाउंडेशनच्या परिषदांमध्ये गणिती, मेंदूचे अभ्यासक आणि मानववंशशास्त्रज्ञ एका टेबलाभोवती बसून त्यावर वाद घालत होते. १९७४ च्या सुमाराला फॉन फर्स्टर यांनी एक साधी विभागणी मांडली: आपण पाहतो त्या व्यवस्थांचं शास्त्र वेगळं आणि पाहणाऱ्या व्यवस्थांचं शास्त्र वेगळं. दुसऱ्यात शास्त्रज्ञ स्वतः मोडतो. या इतिहासावर दीड आठवडा गेला. मला तो लांबला असं वाटलं नाही, सोबतच्या काहींना वाटला.

कोर्सचं खरं बळ तिसऱ्या ते सातव्या आठवड्यांत आहे. तिथे त्यांनी एक गोष्ट केली, जी मी आजवर वाचलेल्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात एवढी स्वच्छ केलेली नव्हती. 'निरीक्षक आत घ्या' या एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न लपलेले असतात, आणि ते त्यांनी सुटे केले. पहिला: बघणारा कोण आहे, त्यामुळे दिसणारं बदलतं का? दुसरा: जे दिसलं ते सांगितल्यावर, ज्याच्याबद्दल सांगितलं ते बदलतं का?

पहिल्या प्रश्नासाठी त्यांनी समाजशास्त्रज्ञ स्टुअर्ट राइस यांचा १९२९ चा लेख वाचायला दिला. माझ्या पेशाबद्दलचा हा लेख मला चौदा वर्षांत कुणी दाखवला नव्हता, याचं वाईट वाटतं. न्यूयॉर्कमध्ये निराधार झालेल्या सुमारे २,००० माणसांच्या १९१४ मध्ये मुलाखती घेतल्या होत्या. कोणता माणूस कोणत्या मुलाखतकाराकडे जाणार हे निवडून ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांच्या नोंदी साधारण सारख्या यायला हव्या होत्या. पण एक मुलाखतकार कट्टर दारूबंदीवाला होता. त्याच्या कागदांत माणसांच्या दुर्दशेचं मुख्य कारण दारू. दुसरा समाजवादी होता. त्याच्या कागदांत उद्योगधंद्यांची स्थिती. आणि पुढचं सगळ्यांत महत्त्वाचं: माणसांनी स्वतः आपल्या तोंडाने सांगितलेली म्हणून नोंदवलेली कारणंही त्याच दिशेने झुकली होती. राइस यांनी याला संसर्गजन्य पूर्वग्रह म्हटलं.

हा लेख वाचून गटातल्या एका मुलाने लिहिलं, "मग काहीच खरं नाही." या वाक्याशी मी पूर्ण आठवडाभर भांडले. राइस यांना हा झुकाव सापडला कसा? कुठला कागद कुणी भरला हे लिहून ठेवलं होतं म्हणून. निरीक्षकाचं नाव पुसलं असतं तर तीच आकडेवारी निर्मळ दिसली असती आणि चूक कायमची आत राहिली असती. बघणाऱ्याला हिशेबात घेतल्याने ज्ञान ढिलं पडत नाही, उलट ते जास्त तपासण्याजोगं होतं. मला या दहा आठवड्यांतून मिळालेली मुख्य गोष्ट हीच, आणि ती मी तेवढ्याच ठामपणे धरून आहे.

चौथ्या आठवड्यातलं हॉथॉर्नचं व्याख्यान तर अशा कोर्सेसमध्ये दुर्मीळ म्हणावं लागेल. गोष्ट सगळ्यांना माहीत असते: वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ मध्ये दिव्यांचे प्रयोग सुरू झाले, उजेड वाढवला तरी काम वाढलं, कमी केला तरी वाढलं, कारण कामगारांना कळत होतं की आपल्याकडे कुणी बघतंय. शिकवणाऱ्या सरांनी ही गोष्ट सांगितली आणि मग आपल्याच हाताने उसवली. १९२७ मध्ये टेलिफोनचे रिले, म्हणजे विजेवर चालणारे छोटे स्विच, जोडणाऱ्या मुलींची एक छोटी तुकडी वेगळ्या खोलीत बसवली गेली. त्यांच्या मजुरीची पद्धतही बदलली होती, म्हणजे अख्ख्या विभागाऐवजी त्या छोट्या गटाच्या कामावर मोबदला. १९२८ च्या सुरुवातीला त्यांतल्या दोघींना बोलतात, ऐकत नाहीत म्हणून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या. एवढं सगळं हलवल्यावर वाढलेलं काम 'फक्त कुणी बघतंय म्हणून' असं कसं म्हणायचं? दिव्यांच्या प्रयोगांचे जुने आकडे पुढे अर्थतज्ज्ञांनी पुन्हा तपासले, तेव्हा दंतकथेतला तो ठसठशीत परिणाम त्यांना आढळला नाही. जे होतं ते बरंच अंधुक.

निरीक्षकाच्या परिणामाचं सगळ्यांत लाडकं उदाहरणच कच्चं आहे, हे निरीक्षकावरच्या कोर्सने स्वतः सांगावं, याचा मला आदर वाटला. आणि व्याख्यानाच्या शेवटी सर म्हणाले ते मी वहीत उतरवून घेतलं: त्या खोलीतला निरीक्षक फक्त बघत नव्हता, त्याच्या हातात कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं हे होतं. अहवालात नजर राहिली, अधिकार गळून गेला.

दुसऱ्या प्रश्नावरचे आठवडे थोडे कोरडे पण पक्के. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. आय. थॉमस आणि डोरोथी थॉमस यांनी १९२८ मध्ये लिहिलेलं सूत्र: माणसं एखादी परिस्थिती खरी धरून चालली, की तिचे परिणाम खरे होतात. त्यावरून रॉबर्ट मर्टन यांचा १९४८ चा लेख, धडधाकट बँक बुडणार ही अफवाच बँक बुडवते हे उदाहरण. मग बाजारातल्या सिद्धांतांवर अर्धं व्याख्यान: ऑप्शन, म्हणजे ठरल्या किमतीला पुढे खरेदी-विक्री करण्याचा हक्क, त्याची किंमत काढायचं ब्लॅक आणि शोल्झ यांचं सूत्र १९७३ मध्ये आलं, व्यापारी ते वापरायला लागले तसतशा किमती सूत्राजवळ सरकल्या, आणि १९८७ च्या शेअर बाजाराच्या पडझडीनंतर पुन्हा दुरावल्या. हे घाईत उरकलं. अजून एक तास चाललं असतं.

त्यांनी वेळ दिला तो हर्बर्ट सायमन यांच्या १९५४ च्या लेखाला, आणि बरं केलं. प्रश्न असा: निवडणुकीचा अंदाज जाहीर केला की लोक त्याने हलतात, मग जाहीर केलेला अंदाज कधीच बरोबर येऊ शकणार नाही का? सायमन म्हणतात, येऊ शकतो. बाईंनी फळ्यावर आलेख काढला. आडव्या रेषेवर जाहीर केलेला आकडा, उभ्या रेषेवर तो वाचल्यावर प्रत्यक्षात पडणारी मतं. समजा ४० टक्के जाहीर केले तर ४६ पडतात आणि ६० जाहीर केले तर ५७ पडतात. मधे लोकांची प्रतिक्रिया अचानक उडी न घेता सलग बदलत असेल, तर कुठेतरी असा एक आकडा असलाच पाहिजे, जो जाहीर केला की तेवढाच पडतो. त्याच वर्षी ग्रुनबर्ग आणि मोदिग्लियानी या अर्थतज्ज्ञांनीही हाच मुद्दा स्वतंत्रपणे मांडला. तो आकडा शोधायला लोक कसे हलतील हे आधी माहीत हवं, ही अडचण उरतेच. पण 'माणसं वाचतात, म्हणून माणसांबद्दल काही सांगता येत नाही' हा हताश सूर तिथे थांबला. व्हिडिओ २२ मिनिटांचा होता, मी तीनदा पाहिला.

याच भागात सायबरनेटिक्सचे अभ्यासक स्टुअर्ट अंप्लेबी यांची मांडणी आहे. भौतिकशास्त्रात नील्स बोर यांनी सांगितलेला एक दंडक आहे: नव्या सिद्धांताने जुन्याला फेकून द्यायचं नसतं, एका विशिष्ट स्थितीत तो जुन्याशी जुळला पाहिजे. अंप्लेबी म्हणतात, विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातही तसंच करू. निरीक्षकाकडे किती लक्ष दिलं ही एक मोजपट्टी जोडा. ती शून्यावर ठेवली की जुनं विज्ञान जसंच्या तसं मिळतं. म्हणजे माझी नळी खोटी नव्हती. ती शून्याच्या कोपऱ्यातली नळी होती, आणि कितीतरी प्रश्नांना तो कोपरा पुरतो. घरात खोल्या किती, हे विचारायला नळी चालते. स्वतःसाठी वेळ किती, हे विचारायला चालत नाही.

आता स्वाध्यायांबद्दल. सगळ्यांत मोलाचा सातव्या आठवड्यातला. लोक एकत्र बसतात अशा जागी तीन दिवस बसायचं. एका वहीत ते काय करतात ते लिहायचं, दुसऱ्या वहीत आपण कुठे बसलो, तिथेच का बसलो, कंटाळा कधी आला, कुणाकडे बघायचं टाळलं. मग निरीक्षणातल्या एका माणसाला सगळं खरं सांगून, परवानगी घेऊन, त्याच्याबद्दलचा मजकूर वाचायला द्यायचा आणि पुढे काय होतं तेही लिहायचं.

मी वाचनालय निवडलं. एक वयस्कर गृहस्थ रोज शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवायचे. मी लिहिलं होतं, "शेजारी कुणी बसू नये म्हणून जागा अडवतात." ते त्यांनी शांतपणे वाचलं. म्हणाले, "मित्रासाठी ठेवायचो. तो दोन महिने झाले, येत नाही. सवय राहिली." मी माफी मागितली. ते म्हणाले, माफी कशाला, बाहेरून तसंच दिसत असणार. दुसऱ्या दिवशी पिशवी जमिनीवर होती आणि त्या खुर्चीवर एक मुलगी बसली होती.

कोर्सचे दोन्ही प्रश्न त्या एका पिशवीत होते. मी चुकीचं पाहिलं होतं, आणि माझं पाहणं सांगितल्याने त्यांचं वागणं बदललं होतं. ते चांगलं झालं की वाईट, याचा निकाल मला अजून लागलेला नाही. स्वाध्यायात मी तेवढंच लिहिलं. हा स्वाध्याय देण्याआधी संमती कशी घ्यायची, समोरच्याला नको वाटलं तर मजकूर कसा नष्ट करायचा, यावर एक अख्खं सत्र घेतलं होतं, ही काळजी मी त्यांच्या खात्यात आवर्जून जमा करते.

तक्रारी आता. आठव्या आठवड्यातलं क्वांटम भौतिकीवरचं व्याख्यान काढून टाकावं. हायझेनबर्ग यांच्या १९२७ च्या अनिश्चितता तत्त्वापासून (कणाची जागा आणि संवेग दोन्ही एकाच वेळी हवे तेवढे अचूक ठरत नाहीत) थेट 'म्हणून समाजातही निरीक्षक वास्तव घडवतो' इथे उडी मारली. ही तुलना फसवी आहे. इलेक्ट्रॉनचं मोजमाप करताना त्याच्यावर भौतिक क्रिया होते, पण इलेक्ट्रॉन आपल्याबद्दलचा अहवाल वाचत नाही, त्याला झोप लागत नाही असं होत नाही. माणूस वाचतो, दुखावतो, सुधारतो, मुद्दाम उलटं वागून दाखवतो. सामाजिक शास्त्रांची अडचण ही त्यांची स्वतःची आहे. ती भौतिकशास्त्राकडून उसनी आणायची गरज नाही, आणि आणली की उरलेल्या नऊ आठवड्यांची बारकाई धुऊन जाते.

स्वाध्यायांवरचे शेरे सात दिवसांत मिळतील असं सांगितलं होतं. तिसऱ्या स्वाध्यायाचा शेरा १९ दिवसांनी आला, तोवर आम्ही पाचवा लिहीत होतो. शेरे मात्र नीट वाचून दिलेले, हे खरं.

सगळ्यांत मोठी तक्रार वाचनयादीची. मानववंशशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात सायबरनेटिक्सवाल्यांना सुचवलं होतं की तुमचं शास्त्र तुमच्या स्वतःच्या संस्थेला लावून बघा. दुसऱ्या आठवड्यात हे कौतुकाने शिकवणाऱ्या कोर्सने स्वतःला काही लावून पाहिलं नाही. वाचायला दिलेले सगळे लेखक युरोप-अमेरिकेतले. मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांची खाजगी डायरी त्यांच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी, १९६७ मध्ये छापली गेली आणि नामवंत निरीक्षकाची चिडचिड जगासमोर आली, हे आम्ही वाचलं. पण भारतीय समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास कुठेच नाहीत. १९४८ मध्ये त्यांनी एका खेड्यात राहून केलेल्या अभ्यासाच्या, वर्षानुवर्षं मेहनतीने लावलेल्या टिपणांच्या तिन्ही प्रती १९७० मध्ये स्टॅनफर्ड इथल्या आगीत जळाल्या. मग त्यांनी मुख्यतः आठवणीच्या आधारावर ते खेडं उभं केलं आणि १९७६ मध्ये पुस्तक आलं. टिपणं गेल्यावर निरीक्षकाला आपल्या स्मरणासकट पानावर यावंच लागतं. या विषयाला याहून योग्य उदाहरण मला सुचत नाही.

हे मी सहाव्या आठवड्याच्या चर्चेत विचारलं: ही यादी कुणी निवडली, कुठे बसून? सर थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मी विद्यार्थी असताना मला जे दिलं गेलं तेच मी पुढे दिलं. मी तपासलं नाही." हे उत्तर प्रामाणिक होतं आणि मला ते आवडलं. पण ते पहिल्या आठवड्यात, न विचारता यायला हवं होतं. पुढच्या सोमवारी जादा वाचनात श्रीनिवास यांचं एक प्रकरण जोडलेलं दिसलं.

कुणी घ्यावा? मुलाखती घेणारे, सर्व्हे आखणारे, दवाखान्यात किंवा शाळेत माणसांच्या नोंदी ठेवणारे, यांनी नक्की. आकडेमोडीची पद्धत शिकायची असेल तर इथे ती नाही. निरीक्षकाचा रकाना फॉर्ममध्ये नेमका कसा आखायचा, हे शेवटपर्यंत कुणी दाखवत नाही, ते आपलं आपण करावं लागतं. आठवड्याला सात-आठ तास लागतात, सातव्या आठवड्यात दुप्पट. कामाच्या धावपळीत सगळं जमणार नसेल तर पहिला व्हिडिओ बघा, मग थेट तिसऱ्या आठवड्यावर जा आणि दोन वह्यांचा स्वाध्याय सोडू नका.

माझ्या पुढच्या सर्व्हेच्या फॉर्मला मी मागच्या बाजूला एक कोरी जागा मागून घेतली आहे. सुपरवायझरांनी विचारलं, तिथे काय भरणार? मी त्यांना पॅनेल सर्व्हेतल्या त्या बाईंचे साडेतीन तास सांगितले. एका फेरीपुरती जागा मिळाली आहे, चार ओळींची.